सहाणेवरचे वळसे

आमच्या फलटणच्या घरात दोन सहाणा होत्या. एक देवघरात, चंदनाची. दुसरी स्वयंपाकघरातल्या कोनाड्यात, आजीच्या औषधांची. दोन्हींची अदलाबदल कधी झाली नाही. औषधाची सहाण तळहाताहून थोडी मोठी, करड्या दगडाची, आणि मधोमध इतकी झिजलेली की चमचाभर पाणी त्या खळग्यात आपोआप थांबायचं. “पोरांच्या पोटदुखीनं झिजलीया ती,” आजी सांगायची.

शेजारच्या पत्र्याच्या डब्यात मुरुडशेंग, वेखंड, सुंठ, हिरडा, जायफळ, डिकेमाली. मला मुरुडशेंग फार आवडायची. दोरखंडासारखी पिळलेली ती शेंग मुरड्यावर द्यायची. पोटात पीळ पडला की पीळ पडलेली शेंग, एवढं कारण मला त्या वयात पुरेसं होतं. औषधाचं माप वळशांत. मुरुडशेंगेचे दोन वळसे, सुंठेचा एक, वेखंडाचा अर्धा. वेखंडाचा वळसा चुकून पूर्ण झाला तर आजी सहाण धुऊन टाकायची आणि पहिल्यापासून उगाळायला बसायची. वेखंडात बीटा-असारोन नावाचं अपायकारक द्रव्य असतं आणि अमेरिकेत १९६८ पासून खाण्याच्या जिनसांत वेखंड घालायला बंदी आहे, हे मी खूप पुढे वाचलं. आजीनं असलं काही वाचलेलं नव्हतं. वेखंड जास्त झालं की पोर ओकतं, हे तिनं डोळ्यांनी पाहिलेलं होतं.

पण सहाण कोनाड्यातून खाली यायच्या आधी चौकशी व्हायची. “काल काय काय खाल्लंस?” मग, “कुठं दुखतंय? बोटानं दाव.” आम्ही बेंबीजवळ बोट ठेवायचो. ती पोटावर हात फिरवायची, दोन बोटांनी टिचकी मारून आवाज ऐकायची, जीभ बघायची. पोट डब्ब वाजलं तर ओवा.

मार्गशीर्षात रामाचा रथ निघायचा तेव्हा घर पाहुण्यांनी भरायचं, आणि थोड्याच दिवसांत हुरडा सुरू व्हायचा. फलटणचा भाग तसा कोरडाच, पण नीरेच्या उजव्या कालव्यानं गावाभोवती ऊस आणलेला. त्यामुळे आमची हावही दुहेरी. शेतात आगटीवरचा हुरडा लसणाच्या चटणीबरोबर पोटाला तडस लागेपर्यंत खायचा आणि वर उसाचा रस. रात्री करपट ढेकरा सुरू. आजी चिमूटभर ओवा आणि सैंधवाचा खडा तळहातावर चोळून तोंडात टाकायची. चावायचा, गिळायची घाई करायची नाही. जीभ चुरचुरायची, कानशिलं तापायची, वरून कोमट पाणी. ओवा मात्र निम्मंच औषध. उरलेलं निम्मं म्हणजे त्या रात्री जेवण बंद आणि सकाळी ताकातल्या कण्या. ज्वारी भरडून मऊ शिजवायची, ताक घालायचं, जिरं, मीठ. आजारातून उठल्यावर त्या कण्यांचा आंबूस वास यायचा तेव्हा जी भूक लागायची, तशी भूक मला पुढे कुठल्याच मेजवानीत लागली नाही.

आषाढवारीत तिचा दवाखाना ओट्यावर यायचा. ज्ञानेश्वर माउलींची पालखी लोणंद, तरडगाव करत फलटणला मुक्कामाला येते, विमानतळाच्या माळावर उतरते आणि पुढे बरडला जाते. पावसात भिजलेले, वाटेत मिळेल ते खाल्लेले, मिळेल ते पाणी प्यालेले वारकरी. आजी आदल्या दिवशी वर्तमानपत्राच्या कागदात ओवा-सैंधवाच्या पुड्या बांधायची. मी दुसरी-तिसरीत असताना तिच्याशेजारी बसून दोरा गुंडाळायचे. एकदा एक बाई ओट्याच्या कडेला येऊन बसली, ओठ सुकलेले. पुडीसाठी तिनं हात पुढे केला, पण आजीनं पुडी दिली नाही. “ढाळ लागल्यात हिला. ओवा नगं, आधी पेज आण.” तांदळाची पातळ पेज, त्यात मीठ. दर थोड्या वेळानं वाटीभर. बाई संध्याकाळपर्यंत ओसरीवर पडून होती, उठली ती हाक मारून गेली, “माउली, येते.” १९७१ साली बनगावच्या निर्वासित छावणीत डॉ. दिलीप महालनबीस यांनी मीठ आणि ग्लुकोजचं पाणी पाजून कॉलऱ्याची माणसं वाचवली, ती हकिकत वाचताना मला आमची ओसरी आठवली. गेलेलं पाणी आणि मीठ भरून काढायचं, हेच दोन्हीकडे चाललं होतं.

माझी लेक जन्मली तेव्हा आजी होती. बाराव्या दिवशी तिनं सहाण धुऊन पुसून तयार ठेवली. मी घाबरत सांगितलं, डॉक्टरीणबाई म्हणतात सहा महिने अंगावरच्या दुधाशिवाय काही द्यायचं नाही, पाणीसुद्धा नाही, गुटी तर नाहीच. मला वाटलं ती रुसेल. तिनं सहाण उचलून परत कोनाड्यात ठेवली. “तिनं माझ्यापेक्षा जास्त पोरं बघितल्यात. नगं तर नगं.” पोर रडायला लागली की बेंबीच्या भोवती पाण्यात कालवलेला हिंग तेवढा लावायची. डॉक्टरीणबाईंचं बरोबर होतं, असं मी आजही ठामपणे म्हणेन. आणि आजीचंही मोठेपण मला त्या दिवशी कळलं.

अण्णा, माझे वडील, शाळेत विज्ञान शिकवायचे. त्यांना उगाळण्यापेक्षा बाटलीची हौस. ओव्याचं फूल, पुदिन्याचं फूल आणि कापूर, तिन्ही कोरडे घन पदार्थ एका बाटलीत घालून हलवायचे, आणि आमच्यासमोर त्यांचं पाणी व्हायचं. ही अमृतधारा. विस्तव नाही, पाण्याचा थेंब नाही, नुसत्या एकत्र येण्यानं तिघं वितळतात. ओव्याच्या फुलाला रसायनशास्त्रात थायमॉल म्हणतात, हे मला त्यांनीच सांगितलं. बत्ताशावर दोन थेंब टाकून ते आम्हाला द्यायचे.

२००९ च्या थंडीत, आजी जाऊन चार वर्षं झाल्यावर, एका रात्री अण्णांना वरच्या पोटात जळजळलं. लग्नाचं जेवण झालेलं होतं. गॅस धरलाय, म्हणाले. त्यांनी अमृतधारा घेतली, मी ओवा दिला, तासाभरानं पुन्हा दिला. त्यांना घाम येत होता, तो मी ओव्याच्या उष्णतेचा समजले. कुठं दुखतंय म्हणून मी विचारलं तेव्हा त्यांनी बोट ठेवलं नाही. सगळा तळहात छातीवर आणि पोटावर फिरवला. आजीनं तो हात पाहिला असता तर सहाण खाली काढलीच नसती. मी काढली. सुंठ उगाळत बसले. पहाटे आम्ही गाडी शोधली. दवाखान्यात पोचलो तेव्हा फार उशीर झाला होता. हृदयविकार होता.

ओव्याचा त्यात दोष नव्हता. मी वळसे शिकले होते, चौकशी शिकले नव्हते. आणि आता दुकानातून आणलेली चूर्णाची बाटली तर काहीच विचारत नाही. जो उघडेल त्याच्या हातावर पडते.

सहाण आता माझ्याकडे आहे. ओवा मी रोज वापरते, कण्या आठवड्यातून एकदा होतात, हुरड्याच्या दिवसांत पुड्याही बांधते. पण पुडी देताना मी आधी विचारते. तुम्हीही विचारा. चाळिशी ओलांडलेल्या माणसाच्या वरच्या पोटात किंवा छातीत दाटून आलं असेल, घाम फुटला असेल, दम लागत असेल, हात किंवा जबडा भरून आला असेल, तर ओवा डबीतच राहू द्या. सकाळची वाट पाहू नका, आधी ई.सी.जी. काढा. आमच्या वेळी नव्हती, पण २०१४ पासून महाराष्ट्रात १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका येते, आणि तिला पैसे पडत नाहीत.