कानातला पूर्वग्रह



माणसाविषयीचा पूर्वग्रह प्रथम कोठे जागा होतो, असे मला विचारले, तर भाषाशास्त्राच्या अनुभवावरून मी म्हणेन : कानात. समोरच्याचे नाव कळण्यापूर्वीच त्याचा उच्चार आपल्या कानी पडतो आणि तेवढ्यावरून आपण त्याला ‘आपला’ किंवा ‘परका’ ठरवून मोकळे होतो. बदलापूर-अंबरनाथहून लोकलने कामावर जाणाऱ्यांना हे वेगळे सांगायला नको.

उल्हासनगरचे उदाहरण घ्या. १९४७च्या फाळणीनंतर सिंधमधून आलेल्या कुटुंबांना कल्याणजवळच्या लष्करी छावणीत आसरा मिळाला. ८ ऑगस्ट १९४९ रोजी गव्हर्नर जनरल चक्रवर्ती राजगोपालाचारी यांनी या वसाहतीला ‘उल्हासनगर’ हे नाव दिले. तरीही ‘कॅम्प’ हा शब्द तेथील पत्त्यांत टिकून राहिला आणि ‘निर्वासित’ हा शब्द येथेच जन्मलेल्या नातवंडांनाही चिकटला. मालावरच्या ‘यूएसए’चा अर्थ ‘उल्हासनगर सिंधी असोसिएशन’, हा विनोद तुम्हीही ऐकला असेल. तो वस्तूवर थांबत नाही. एका संपूर्ण समाजालाच नकली ठरवतो.

एकदा संपर्क सत्रात, दुकान सांभाळून शिकणाऱ्या एका सिंधीभाषक विद्यार्थिनीने उतारा वाचायला घेतला. ‘चाक’मधला ‘च’ तिने ‘चार’मधल्या ‘च’सारखा उच्चारला. मागच्या बाकांवर हशा पिकला. तिने पुस्तक मिटले. पुढचे दोन रविवार ती आली नाही. पदवीची वाट अशा एखाद्या हशापाशीही संपू शकते.

ती परतल्यावर तिच्या संमतीने मी एक प्रयोग केला. मराठीत ‘च’चे दोन उच्चार आहेत, सिंधीत एकच. उलट सिंधीत ग, ज, ड आणि ब या प्रत्येकाचा एक जादा जोडीदार आहे; तो उच्चारताना हवा आत ओढली जाते. तिने ते चार ध्वनी म्हणून दाखवले. वर्गाने पुन्हा पुन्हा प्रयत्न केला. एकालाही ते नीट जमले नाहीत. मग प्रश्न उरला : अशुद्ध कोण? शास्त्राचे उत्तर स्पष्ट आहे. कोणीही नाही. प्रत्येकाची जीभ लहानपणी ऐकलेल्या भाषेप्रमाणे घडते.

आणखी एक गोष्ट लक्षात घ्या. ज्ञानेश्वरी वाचताना तुम्हाला ‘गणेशु’सारखी उकारान्त रूपे आढळतात. आजच्या प्रमाण मराठीतून हा अन्त्य उकार गेला. सिंधीत मात्र आजही घराला ‘घरु’ आणि हाताला ‘हथु’ म्हणतात. जी बोली आपल्याला परकी वाटते, तिच्यात आपल्याच भाषेची जुनी खूण शिल्लक आहे. १९६७ साली सिंधीला संविधानाच्या आठव्या अनुसूचीत स्थान मिळाले. आपल्या कानांत तिला जागा देण्यासाठी मात्र घटनादुरुस्ती पुरत नाही.

म्हणून या घटकाचा अभ्यास करताना एक सवय लावून घ्या. वेगळा उच्चार ऐकू आला की ‘हा चुकला’ असे म्हणण्याआधी ‘याच्या भाषेत हा ध्वनी कसा असेल?’ असे स्वतःला विचारा. आणि शक्य असेल, तर ते त्या माणसालाच आदराने विचारा. तुमचा ध्वनिविचार पक्का होईल आणि डब्यातला अनोळखी सहप्रवासी तुमचा शिक्षक होईल.