कामाच्या वस्तू आणि माळ्यावरच्या वस्तू

परवा एका मैत्रिणीचा फोन आला. तिच्या सासूबाईंची बोटं हल्ली फार दुखतात. अंगठ्याच्या मुळाशी सूज येते, दाराची कडी काढतानासुद्धा कळ येते. "तू तुझ्या आईसाठी काय काय आणलंयस त्याची यादी दे ना गं, एकदम मागवूनच टाकते," म्हणाली. मी हो म्हटलं आणि कागद-पेन घेऊन बसले. लिहिता लिहिता लक्षात आलं की यादी एक नाही, दोन आहेत. एक रोज वापरात असलेल्या वस्तूंची आणि दुसरी माळ्यावर गेलेल्या वस्तूंची. दुसरी यादी कितीतरी महाग आहे!

आधी माळ्यावरचीच सांगते. आईची बोटं वाकडी व्हायला लागली, तेव्हा मी उत्साहाच्या भरात विजेवर चालणारं भाजी चिरायचं यंत्र आणलं. मग कणीक मळायचं यंत्र. मग बॅटरीवर झाकण उघडणारं एक प्रकरण. आईने प्रत्येक वस्तू एकदा वापरली, "छान आहे हो" म्हणाली आणि पुसून परत खोक्यात ठेवली. मी खोदून विचारलं तेव्हा म्हणाली, "अगं, कांदा चिरायला दोन मिनिटं आणि हे धुवायला दहा. शिवाय याचं झाकण फिरवून बसवायला जो जोर लागतो, तो माझ्या हातात असता तर सुरीनेच नसतं का चिरलं?"

मला राग आला. मी म्हटलं, "मग तू स्वयंपाकघरात येऊच नकोस. मी बाई लावते." आई काही बोलली नाही. दोन दिवस नुसती वर्तमानपत्र घेऊन खुर्चीत बसून राहिली. वाचत नव्हती, पान उलटत नव्हतं. तिसऱ्या दिवशी म्हणाली, "मला काम नको झालंय असं तुला कोणी सांगितलं? मला बरणी उघडत नाही, एवढंच सांगितलं होतं मी."

एवढंच सांगितलं होतं, खरंच. मी मात्र तिला कामातून सुटी देण्याच्या वस्तू शोधत होते.

मग एक दिवस सकाळी मी ओट्याशी स्टूल घेऊन बसले आणि ती कुठे अडते ते फक्त पाहिलं. गंमत म्हणजे ती चिरताना फारशी अडतच नव्हती. अडत होती ती जिथे काहीतरी चिमटीत धरावं लागतं तिथे. कालथ्याचा बारीक दांडा, सालं काढायच्या पीलरची पत्र्याची मूठ, बरणीचं झाकण, गोळ्यांची स्ट्रिप. बारीक वस्तू चिमटीत दाबून धरताना अंगठ्याच्या मुळाशी त्या जोराच्या कित्येक पट दाब येतो. तीच वस्तू जाड असली की सगळा पंजा कामाला येतो आणि अंगठा सुटतो.

तर आता कामाची यादी.

पहिली वस्तू, सायकलची जुनी ट्यूब. आमच्या कोपऱ्यावरच्या पंक्चरवाल्याने फुकट दिली. ती स्वच्छ धुवून तिचे वीतभर तुकडे कापले आणि कालथा, सुरी, पीलर यांच्या मुठींवर गुंडाळून घट्ट बांधले. मूठ जाड झाली, ओल्या हातातून सटकतही नाही. फक्त दांड्याच्या टोकालाच बांधायचं, गॅसच्या ज्योतीपासून लांब. अमेरिकेत सॅम फार्बर नावाच्या गृहस्थाने संधिवात असलेल्या बायकोला पीलर धरताना त्रास होतो हे पाहिलं आणि त्यातून १९९० साली ऑक्सो कंपनीची जाड रबरी मुठीची अवजारं बाजारात आली. हे वाचलं तेव्हा मला जरा बरं वाटलं. त्यानेही आधी बायकोचा हातच पाहिला होता ना!

दुसरी वस्तू, बरण्यांसाठी भांडी घासायचा रबरी हातमोजा. तो घालून झाकण फिरवलं की पकड येते. जॅमच्या नव्या बाटलीला मात्र एवढ्याने भागत नाही, कारण आत हवा कमी असते आणि बाहेरची हवा झाकण दाबून धरते. चमच्याचं टोक झाकणाच्या कडेखाली घालून हलकेच उचकायचं. टक्‌ असा आवाज आला की हवा आत गेली, मग झाकण सहज फिरतं.

तिसरी, ओट्याला चिकटणारी खोवणी. खालचा रबरी तळ खटका दाबला की ओट्याला घट्ट बसतो, मग एका हाताने नारळ धरायचा आणि दुसऱ्याने दांडा फिरवायचा. ओटा गुळगुळीत हवा आणि आधी पुसून घ्यायला हवा, पीठ किंवा तेल असलं तर ती सुटते. आईचे गुडघेही दुखतात, त्यामुळे विळीवर बसणं बंद झालं होतं आणि त्याबरोबर ओलं खोबरंही. ते परत सुरू झालं. ज्या दिवशी तिने पहिल्यांदा नारळ खोवला त्या दिवशी पोह्यांवर इतकं खोबरं होतं की खाली पोहे आहेत का ते शोधावं लागलं.

चौथी, सुईत दोरा ओवायची पत्र्याची चकती. तिला पुढे बारीक तारेचं कडं असतं. शिवणाच्या सामानाच्या दुकानात अगदी किरकोळ किमतीत मिळते. जाड दोरा ओढला की तार तुटते, म्हणून दोन-चार एकदम आणाव्यात.

पाचवी, सात दिवसांचे सात कप्पे असलेली गोळ्यांची डबी. आईने एकदा रक्तदाबाची गोळी घेतली की नाही ते न आठवून परत घेतली आणि दिवसभर चक्कर येऊन पडून होती. आता दर रविवारी आम्ही दोघी मिळून डबी भरतो. मंगळवारचा कप्पा रिकामा असेल तर मंगळवारची गोळी पोटात गेली. काही गोळ्यांना मात्र हवा चालत नाही, त्या स्ट्रिपमधून आधी काढून ठेवायच्या नसतात. हे औषधवाल्याला विचारून घ्यावं.

शेवटची वस्तू मी सगळ्यात उशिरा आणली, आणि आणायला हवी होती सगळ्यात आधी. गेल्या पावसाळ्यात आई रात्री न्हाणीघरात घसरली. हाड मोडलं नाही, नशीब. पण मी पंख्याच्या आवाजात गाढ झोपले होते आणि ती बराच वेळ हाका मारत होती. सकाळी ते ऐकलं तेव्हा मला काही सुचेना. मग दाराला लावतात ती बिनतारी बेल आणली. एक बटण तिच्या उशाशी, दुसरं न्हाणीघरात आणि घंटा माझ्या खोलीत. न्हाणीघरातलं बटण आधी मी स्विचच्या उंचीवर लावलं होतं. आईनेच विचारलं, "पडल्यावर उठता येत असेल तर बेल कशाला हवी?" आता ते जमिनीपासून वीतभर उंचीवर आहे.

बेल लावली त्याच रात्री तीन वाजता वाजली. मी धावत, ठेचकाळत तिच्या खोलीत गेले. आई शांतपणे पलंगावर बसलेली. "काही नाही गं, वाजते का ते बघितलं. जा, झोप." मी काय बोलणार! तिथेच तिच्या पायाशी आडवी झाले.

असो. मैत्रिणीला यादी पाठवली आणि वर लिहिलं, काही मागवायच्या आधी सासूबाईंना विचार की कुठलं काम त्यांना सोडायचं नाहीये. काल तिचं उत्तर आलं. त्या म्हणाल्या, लोणचं मीच घालणार, कैऱ्याही मीच फोडणार. मंडईत कैऱ्या फोडून मिळतात हे त्यांना सांगण्यात अर्थ नाही, एवढं मला आता कळलंय. म्हणून सध्या आम्ही दोघी लांब आणि जाड दांड्याचा कैरीचा अडकित्ता शोधतोय. दांडा जितका लांब तितका जोर कमी लागतो. कुणाच्या पाहण्यात असेल तर जरूर सांगा.