पट्टी गळ्याची

कीबोर्डवर ट्रान्सपोजचं बटण वापरून साथ करणाऱ्याकडे वाजवणारी मंडळी अजूनही जरा खालच्या नजरेने पाहतात. बारा पट्ट्यांत हात फिरत नाही म्हणून बटण लागतं, असा त्यामागचा अर्थ. हा आक्षेप मला अर्धाच पटतो, आणि जो अर्धा पटत नाही तो जास्त महत्त्वाचा आहे. आपल्याकडे राग कुठल्याही एका पट्टीला बांधलेला नाही. भूप काळी एकमध्ये भूप असतो आणि पांढरी पाचमध्येही भूपच असतो. सा कुठे ठेवायचा ते गाणाऱ्याचा गळा ठरवतो. तानपुऱ्याच्या तारा, तबला, पेटी या सगळ्यांनी त्या सा-पाशी यायचं असतं. ज्या संगीतात सा मुळातच हलता आहे, तिथे सा हलवणारं साधन परकं ठरवण्याचं कारण मला दिसत नाही.

साधन म्हणून ते नवंही नाही. स्केल चेंजर पेटीत सुऱ्यांचा अख्खा पट्टा आडवा सरकवतात आणि त्याच बोटांखाली दुसरे सूर येतात. पेटीवाले हे कित्येक वर्षं करत आले आहेत आणि त्यांना कुणी कच्चं म्हणत नाही. गिटारवाले मानेवर कॅपो चढवतात. अमेरिकेतला गीतकार-संगीतकार आयर्विंग बर्लिन बहुतेक सगळं काळी तीनमध्येच वाजवायचा. दुसरी पट्टी हवी असेल तेव्हा तरफ फिरवून पट्टी बदलणारा पियानो तो वापरे. असा त्याचा एक पियानो वॉशिंग्टनच्या स्मिथसोनियन संग्रहालयात ठेवला आहे. कीबोर्डमधलं बटण हेच काम आकड्यांत करतं. प्रत्येक सुरीला एक क्रमांक असतो. आपण अधिक एक केलं की यंत्र त्यात एक मिळवतं आणि पुढच्या सुरीचा आवाज काढतं. सप्तकाचे बारा भाग अगदी सारखे केलेले असतात म्हणूनच हे जमतं. दोन शेजारच्या सुऱ्यांमधलं अंतर सगळीकडे तेच असेल, तर सगळं चित्र उचलून शेजारी ठेवलं तरी त्याचा आकार बिघडत नाही.

आता गळ्याकडे येऊ, कारण खरा प्रश्न तिथे आहे. एखाद्या गायिकेची पट्टी पांढरी पाच आहे आणि वाजवणाऱ्याचा हात काळी पाचमध्ये बसलेला आहे, असं समजा. ‘तीनच पट्ट्यांचा तर फरक, घ्या ना वर,’ असं सहज म्हटलं जातं. तीन पट्ट्या म्हणजे प्रत्येक स्वराची कंपनसंख्या सुमारे १९ टक्क्यांनी वाढली. मध्य सप्तकात हे कदाचित निभावेल. पण भावगीताचा अंतरा तार गंधारावर किंवा पंचमावर जातो तेव्हा गळा ताणला जातो, आवाज पातळ होतो, शब्द चिरकतात. उलट पट्टी खाली ओढली तर मंद्रातला पंचम लागतच नाही, नुसती हवा येते. श्रोत्यांना वाटतं गायिका आज सुरात नव्हती. खरं पाहता तिला दुसऱ्याच्या बोटांच्या सोयीने गायला लावलेलं असतं. साथीदाराच्या सोयीपुढे गळ्याने वाकायचं, हा उलटा व्यवहार आहे. बटणामुळे तो टळत असेल तर बटण वापरणं हा साथीचा धर्मच आहे, असं मी म्हणेन.

मात्र वापरायचं तर समजून. बोटं पांढरी एकमधून चालवायची आणि सा काळी पाचचा हवा असेल, तर अधिक दहाही चालतं आणि उणे दोनही. सा तोच येतो, पण सप्तक बदलतं. अधिक दहा केलं की सगळं वर जातं, मग मूळ सप्तकासाठी हात डावीकडे न्यावा लागतो, आणि डाव्या हाताचे कॉर्ड ज्या भागात वाजतात त्यातच उजवा हात घुसतो. उणे दोनमध्ये हात जागच्या जागी राहतो. दुसरी गोष्ट, बटण फक्त आपलं वाद्य हलवतं. तबलजीकडे बटण नाही. हातोडीने तबला अर्धा-एक स्वर वरखाली होतो, त्यापलीकडे दुसराच तबला काढावा लागतो. बासरीवाल्यालाही बासरी बदलावी लागते. म्हणून इतरांना पट्टी सांगताना ऐकू येणारी पट्टी सांगावी, बोटं जिथून चालतात ती नव्हे. ‘मी पांढरी एक वाजवतोय’ हे वाक्य मंचावर निरुपयोगी आहे, आणि घातकही.

आता आक्षेपातला खरा अर्धा भाग. बटणाने बोटं आळसावतात, हे मान्य. पण बोटांच्या वेगापेक्षा मला दुसऱ्या एका नुकसानाची काळजी वाटते. पट्ट्यावरच्या पाच काळ्या सुऱ्या घ्या, एकही पांढरी नको. काळी तीनला सा मानलं तर भूप निघतो. त्याच पाच सुऱ्या, सा काळी चारवर, की मधमाद सारंगाचे स्वर येतात. काळी पाचवर सा ठेवला तर मालकंस, काळी एकवर दुर्गा, काळी दोनवर धानी. हात तेवढ्याच जागेत फिरतो. सा सरकला की रागच बदलतो. मूर्च्छना म्हणजे काय हे पुस्तकातली दहा पानं वाचून जेवढं कळत नाही, तेवढं या पाच सुऱ्यांवर दोन मिनिटांत कळतं. ज्याने आयुष्यभर पांढरी एकलाच सा मानलं, त्याच्या बोटांखाली हे कधी आलंच नाही. काळी एकमधलं शुद्ध सप्तक पाहा: पाच काळ्या, दोन पांढऱ्या, लांब बोटं काळ्यांवर आपोआप टेकतात आणि हात सैल राहतो. पियानोवादक-संगीतकार शॉपाँ आपल्या शिष्यांना पांढरी सातमधलं काळ्या सुऱ्यांनी भरलेलं सप्तक आधी देत असे, ते हाताच्या याच ठेवणीसाठी. तेव्हा रियाझाला बसताना आकडा शून्यावर असावा आणि हात सगळीकडे फिरावा, हे माझंही मत आहे. फक्त हा नियम रियाझाचा आहे. मैफलीत समोर गळा आहे, आणि तिथे आपल्या बोटांची परीक्षा चाललेली नाही.

आणखी एक आक्षेप कानाचा. समान भागांच्या सप्तकातला गंधार हा तानपुऱ्यातून ऐकू येणाऱ्या गंधारापेक्षा चढा असतो. अर्ध्या स्वराचे शंभर भाग केले तर सुमारे १४ भागांनी. आकाशवाणीने १९४० ते १९७१ पेटी बंद ठेवली त्यामागे अशा ठरीव स्वरांबद्दलची तक्रार होती, आणि मींड निघत नाही हीसुद्धा. ही तक्रार खरी आहे, पण ती स्वरमेळाबद्दलची आहे. बटण न दाबता वाजवलं तरी गंधार तेवढाच चढा राहतो. बटणावर खरा ठपका येतो तो वेगळ्या ठिकाणी: आकडा दिसला की ऐकणं थांबतं. गळा नेहमी सुरीवरच बसतो असं नाही. तो दोन सुऱ्यांच्या मध्येही असतो, आणि जुन्या ध्वनिमुद्रणांची पट्टीही पुष्कळदा अशीच अधेमधे सापडते. तिथे ट्रान्सपोज पुरत नाही, कारण ते एकेका पट्टीच्या उड्या मारतं. त्यासाठी बारीक ट्यूनिंगची वेगळी सोय बहुतेक कीबोर्डमध्ये असते, आणि ती किती फिरवायची हे कुठलाच आकडा सांगत नाही, कानच सांगतो.

म्हणून साथीला बसणाऱ्यांना एवढीच विनंती: पट्टी कोणती, हे विचारून लगेच बटणाकडे जाऊ नका. गाणाऱ्याला आधी सा लावू द्या, तो नीट ऐका, आणि मग हात पुढे करा.