हव्वेचं माहेर

एदेन बागेतल्या त्या प्रकरणात आदामाची चौकशी झाली, हव्वेची झाली. सापाला मात्र कुणी काही विचारलंच नाही. बायबलातल्या उत्पत्तीच्या तिसऱ्या अध्यायात देव दिवस कलल्यावर बागेत फिरायला येतो, झाडांआड लपलेल्या आदामाला हाक मारतो, मना केलेलं फळ खाल्लंस काय म्हणून जाब मागतो. आदाम बायकोकडे बोट दाखवतो, बायको सापाकडे. सापापाशी आल्यावर प्रश्न संपतात आणि थेट शिक्षाच सुरू होते: पोटावर चालशील, जन्मभर माती खाशील. कोकणातल्या ज्या मुलखात वाद झाला की मानकरी देवळात जमतात, गाऱ्हाणं घालतात, देवाला कौल लावतात, तिथल्या माणसाला हे खटकणारच. सापाच्या बाजूने गाऱ्हाण्याला 'व्हय म्हाराजा' म्हणून साथ द्यायला त्या बागेत एकही माणूस नव्हता.

शिवाय तो साप कोण, हेही तिथे सांगितलेलं नाही. परमेश्वराने केलेल्या रानातल्या सगळ्या जनावरांत तो धूर्त होता, एवढीच त्याची ओळख. सैतानाचं नाव त्या अख्ख्या अध्यायात नाही. ते पुढे कित्येक शतकांनी आलं. सैतानाच्या मत्सरामुळे जगात मरण आलं असं शलमोनाच्या नावावरच्या ज्ञानग्रंथात आहे, आणि 'तो जुनाट साप म्हणजेच सैतान' हा निकाल बायबलाच्या अगदी शेवटच्या पुस्तकात, प्रकटीकरणात लागतो. पहिल्या शतकातला यहुदी इतिहासकार जोसेफस वेगळंच सांगतो. तेव्हा सगळ्याच प्राण्यांना वाचा होती, आणि या अपराधापायी देवाने सापाची वाचा काढून घेतली. म्हणजे तो नुसता सापच, फक्त बोलणारा. इंग्रज कवी मिल्टनने 1667 साली आपल्या महाकाव्यात सैतानाला झोपलेल्या सापाच्या तोंडातून आत शिरवलं. मायकेलअँजेलोने त्याच्याही दीडशे वर्षं आधी सिस्टिन चॅपेलच्या छतावर झाडाला वेटोळं घातलेला जो साप रंगवला, त्याचं कमरेच्या वरचं अंग बाईचं आहे. पुरुष चित्रकारांना ही कल्पना फार सुचे, त्याबद्दल आणखी बोलायला नको.

आपल्या भाषेत ही गोष्ट सविस्तर आणली ती एका इंग्रज जेझुइट पाद्र्याने. थॉमस स्टीफन्स 1579 साली गोव्यात उतरला आणि पुढची चाळीस वर्षं, मरेपर्यंत, तिथेच राहिला. त्याचं 'ख्रिस्तपुराण' 1616 मध्ये राशोलला छापलं गेलं. सुमारे अकरा हजार ओव्या, अस्सल मराठी वळणाच्या, फक्त लिपी रोमन. राशोलच्या साष्टी तालुक्यातली देवळं 1567 मध्ये पाडली गेली होती. नव्याने ख्रिस्ती झालेल्या लोकांना पोथी ऐकायची सवय होती आणि पोथ्या तर गेल्या होत्या. ती पोकळी भरायला हे पुराण. मिल्टनच्या पन्नास वर्षं आधी ल्युसिफरचं पतन, बाग, झाड, साप हे सगळं मराठी ओवीत बसलेलं होतं, याचा आपण पुरेसा अभिमान बाळगत नाही असं मला वाटतं. स्टीफन्सने स्वर्गाला बिनदिक्कत वैकुंठ म्हटलं. सैतानासाठी मात्र त्याने देवचार घेतला.

इथे मालवणी माणूस थबकतो. आमचा देवचार गावाच्या शिवेवर असतो. रात्री काठी आपटत फेरी मारतो, वाट चुकलेल्याला घरी आणून सोडतो, त्याबद्दल वर्षाला रोट, कुठे विडी, कुठे दारूचा थेंब घेतो. आरवलीच्या वेतोबाचं तसंच. त्याला भक्त भल्यामोठ्या वहाणा वाहतात, आणि रात्री गाव राखत फिरल्याने त्या झिजतात अशी श्रद्धा आहे. हे सगळे पहारेकरी. स्टीफन्सच्या पुराणात ते नरकात गेले. त्याला दोष देण्यात अर्थ नाही. नवा देव आला की शेजारच्या देवाला भूत व्हावंच लागतं. बायबलातही हेच झालेलं दिसतं. मोशेने रानात खांबावर पितळेचा साप उभारला होता, साप चावलेल्याने त्याच्याकडे पाहिलं की तो वाचे. इस्राएली लोक कित्येक पिढ्या त्या सापाला धूप जाळत राहिले, शेवटी हिज्किया राजाने तो फोडून टाकला. राजांच्या दुसऱ्या पुस्तकात हे एका ओळीत उरकलं आहे. एदेनमधला साप हा आसपासच्या लोकांचा असाच एखादा देव असावा, गोष्टीत त्याला मुद्दाम जमिनीवर आणलं असावं, असं मानणारे अभ्यासक आहेत, आणि मला ते पटतं. नागाला फुलं वाहणाऱ्या घरात वाढलेल्या माणसाला ते पटायला वेळ लागत नाही.

कारण आमच्याकडे बागेत, झाडाच्या बुंध्याशी साप दिसला तर तो घुसखोर नसतो. तो जागेवाला असतो. माडाच्या बागेत, फणसाच्या मुळाशी, जुन्या घराच्या मागीलदारी एखादा जुना नाग असतो, त्याला काठी लावायची नसते. वेंगुर्ल्याची ग्रामदेवता सातेरी. या देवीचं मूळ रूप म्हणजे वारूळ. कितीतरी गावांत सातेरीच्या गाभाऱ्यात आजही मूर्तीच्या जागी वारूळच आहे, मातीचं, वाढतं, वर देवीचा मुखवटा. ज्या वारुळात नाग राहतो तीच आई. अशा माणसाला एदेनची गोष्ट सांगा. बाग आहे, मधोमध एक राखलेलं झाड आहे, त्याच्यापाशी साप आहे. तो लगेच म्हणेल, हा राखणदार. गंमत म्हणजे देवाने त्या बागेवर पहारा बसवला तो सगळं उरकल्यावर, आदाम-हव्वेला हाकलल्यावर: करूब नावाचे देवदूत आणि गरगर फिरणारी अग्नीची तलवार. आधी जो होता त्याला हाकलून नवा नेमला, असंच कुणालाही वाटावं.

पण राखणदाराचा अर्थ लावून मोकळं होता येत नाही. आमचा राखणदार बोलत नाही. तो आडवा जातो, फणा काढतो, फार तर स्वप्नात येतो. फळ खा म्हणून तो कुणाला सांगणार नाही, उलट चोराला खिळवून ठेवेल. शिवाय भक्तीच्या गोष्टी नागापुरत्या. सड्यावरच्या फुरशाला इथे कुणी जागेवाला म्हणत नाही. जेमतेम हातभर लांबीचं, जांभ्याच्याच रंगाचं ते जनावर दगड उचलला की खाली सापडतं. अंगाची वळी एकमेकांवर घासून तव्यावर पाणी शिंपडल्यासारखा आवाज करतं, आणि तो आवाज ऐकला की भाविकातला भाविक माणूस पायातली वहाण काढतो. सिंधुदुर्ग वेगळा होण्याआधीच्या जुन्या रत्नागिरी जिल्ह्यात, 1862 साली सरकारने फुरशांवरचं बक्षीस वाढवलं, तर थोड्याच दिवसांत लाखावर फुरशी मारून आणली गेली. आणणारे हात तेच, जे श्रावणात नागाला दूध-लाह्या ठेवत. सापाची ओळख बक्षिसाच्या दरावरही ठरते.

मला एदेनच्या सापाचा पत्ता लागतो तो श्रावणातल्या कहाणीत. धाकट्या सुनेला माहेर नाही. नागपंचमीला जावा आपापल्या माहेरी, आजोळी गेल्या, ही एकटी राहिली. मनात म्हणाली, मला कुणी नाही, नागोबाच माझा. शेषाला दया आली, तो ब्राह्मणाचं रूप घेऊन आला, मामा म्हणून तिला घेऊन गेला. वाटेत वारुळापाशी खरं रूप दाखवलं आणि फणीवर बसवून पाताळात नेलं.

आता हव्वेकडे पाहा. तिला आई नाही, बाप नाही, भाऊ नाही. नवऱ्याच्या बरगडीतून झालेली. सासर आणि जन्मघर एकच. साऱ्या सृष्टीत हिच्याइतकी माहेरविना बाई दुसरी झाली नाही. आणि अशा बाईशी, नवऱ्याला सोडून हिच्याशी, साप येऊन बोलतो. कोकणातली बाई ही गोष्ट पहिल्यांदा ऐकताना काय समजेल? कुणीतरी तिच्याकडचं आलं. देवाने तुम्हांला खरंच असं सांगितलं का, हा सापाचा पहिला प्रश्नही माहेरच्या माणसाचाच वाटतो. सासरी काय चाललंय याचा अंदाज घेणारा. फळ खाल्लं तर त्याच दिवशी मराल असं बजावलेलं होतं. ती त्या दिवशी मेली नाही. डोळे उघडतील असं साप म्हणाला, ते उघडले. ती बरंवाईट जाणणारी होईल म्हणाला, तेही पुढे देवच कबूल करतो. पुढचं सांगितलं नाही, काटेकुसळं, बाळंतपणाच्या कळा, मरण. माहेरचे सल्ले पुष्कळदा असेच अर्धे खरे असतात.

कहाणीतल्या सुनेचाही घात होतोच. नागिणीच्या बाळंतपणात तिच्या हातातला दिवा पडतो, पिल्लांच्या शेपट्या भाजतात. तिला सासरी परत पाठवतात. पिल्लं मोठी झाल्यावर सूड घ्यायला येतात, तर ही भिंतीवर नाग काढून, दूध ठेवून, जिथे असतील तिथे माझे भाऊ सुखी राहोत म्हणतेय. राग निवतो, रात्री दूध पिऊन, दुधाच्या भांड्यात नवरत्नांचा हार ठेवून ते निघून जातात. म्हणून आजही आदल्या दिवशी बायका भावाचा उपवास धरतात, आणि पंचमीला चिरणं, कापणं, तळणं, जमीन खणणं बंद. शाडूचा नाग पाटावर येतो, हळदीच्या पानात पातोळ्या उकडतात. उत्पत्तीच्या गोष्टीत मात्र तो दिवा पडल्यावर पुढचं पान मिळत नाही. तुझ्यात आणि स्त्रीत, तुझ्या संततीत आणि तिच्या संततीत मी वैर ठेवीन, असं देव सापाला सांगतो, आणि भाऊ-बहीण कायमचे तुटतात. तिची संतती त्याचं डोकं फोडणार, तो त्या संततीची टाच. पुढे याच वाक्यावरून मरीयेच्या पायाखाली साप आला.

गोव्यातून येऊन मालवण, वेंगुर्ला, सावंतवाडीकडे रुजलेल्या ख्रिस्ती घरांत ती मरीया असते: निळं वस्त्र, पसरलेले हात, आणि टाचेखाली जीभ काढलेला हिरवा साप. माझ्या ओळखीच्या एका म्हाताऱ्या बायच्या घरी अशीच आहे, आणि मागीलदारी आंब्याच्या मुळाशी एक जाडजूड नागही. नातवाने काठी उचलली तेव्हा तिने त्याला तिथूनच दटावलं, ''ठेव ती काठी. जागेवालो तो.'' मी तिला भिंतीवरच्या मरीयेकडे बोट दाखवून विचारलं, मग हा पायाखालचा कोण? जपमाळेवरचं बोट न हलवता बाय म्हणाली, ''तो चर्चीतलो. हो आमच्या मागीलदारचो.''