चिमुकले इंजिन

गेल्या उन्हाळ्याच्या सुटीत माझा बारा वर्षांचा नातू आपली छोटी मोटार घेऊन आमच्याकडे राहावयास आला. ती किल्लीवर वा विजेवर चालणारी नव्हती. तिच्यात मुठीत मावेल एवढे खरेखुरे इंजिन होते आणि ते मेथॅनॉल, नायट्रोमिथेन व तेल यांच्या मिश्रणावर चाले. दोन वर्षे पैसे साठवून त्याने ती घेतली होती.

आमच्या अंगणात धूळ फार. ती आत जाऊ नये म्हणून, नातू झोपला असता, मी मोटारीच्या कवचाची सारी भोके कागद डकवून बंद केली. सायंकाळी मोटार भरधाव सुटली. पण थोड्याच फेऱ्यांत तिचा आवाज चिरका झाला आणि ती जागच्या जागी थांबली. नातवाने कवच काढून इंजिनाच्या माथ्यावर पाण्याचा थेंब सोडला. तो तत्क्षणी चर्रकन उडून गेला.

"आजोबा, हे फार तापले आहे. थेंब तीन-चार सेकंद तरी टिकावयास हवा होता," तो म्हणाला.

मग त्याने मला सारे समजावून सांगितले. असे इंजिन भरवेगात मिनिटाला 30,000 च्या आसपास फेरे घेते. त्याला गार ठेवावयास पाणी नसते; वाराच हवा. म्हणून त्याच्या अ‍ॅल्युमिनियमच्या माथ्यावर पातळ चकत्यांची उतरंड असते. चकत्यांमुळे पृष्ठभाग वाढतो आणि वाहती हवा अधिक उष्णता घेऊन जाते. मेथॅनॉलही वाफ होताना उष्णता शोषून घेते. धुळीसाठी तर निराळी गाळणी असतेच!

मी खजील झालो. माठाला रंग फासला, तर त्याची छिद्रे बुजतात आणि पाणी निवत नाही, हे मी वर्गात कितीदा सांगितले होते! आज छिद्रे बुजवणारा मीच होतो.

इंजिन निवल्यावर पुन्हा सुरू झाले. परंतु पूर्वीचा जोर त्यात राहिला नाही. नातवाचे डोळे भरून आले. तरी तो मला एका शब्दानेही बोलला नाही. शाळेत एवढ्या अपराधाबद्दल मी एखाद्या मुलाला तासभर उभे केले असते. मी त्याची क्षमा मागितली.

माया करावयाची, तरी आधी विचारावे, हे मी त्या मुठीएवढ्या इंजिनापासून शिकलो.