नांदणे

मराठीतील ‘नांदणे’ हे क्रियापद मोठे विलक्षण आहे. घरात लक्ष्मी नांदते, राज्यात शांतता नांदते, आणि लग्न झालेली मुलगी सासरी नांदते. वास्तव्य, स्थैर्य आणि समृद्धी हे तिन्ही अर्थ त्यात असे एकजीव झाले आहेत की एक वेगळा काढू गेल्यास उरलेले दोन विरून जातात. व्याकरणाच्या अंगाने या शब्दाची आणखी एक गंमत आहे, आणि ती तितकीशी गमतीची नाही. पुरुष सहसा नांदत नाही, तो नांदवतो. ‘नवरा नांदवत नाही’ ही तक्रार आपण पिढ्यान्‌पिढ्या ऐकत आलो आहोत. मूळ धातूची कर्ती एक आणि प्रयोजक रूपाचा धनी दुसरा, ही वाटणी भाषेने फार पूर्वीच करून ठेवली आहे.

या क्रियापदाला इंग्रजी प्रतिशब्द शोधण्याचे काम २०२४ च्या पावसाळ्यात बेंगळुरूत माझ्यावर येऊन पडले. मित्राच्या मुलीचा संसार चार वर्षांनी मोडण्याच्या बेतात होता. ती नोकरीच्या गावी, म्हणजे इथे, परत आली होती. नवरा पुण्यात होता. त्याने तेथील कौटुंबिक न्यायालयात १९५५ च्या हिंदू विवाह कायद्याच्या नवव्या कलमाखाली, म्हणजे वैवाहिक हक्कांच्या पुनःस्थापनेसाठी, अर्ज केला होता. साध्या मराठीत सांगायचे तर, हिने नांदायला यावे. पुराव्यादाखल त्याने तिचाच एक संदेश जोडला होता. सासूबाईंना तिने मोबाइलवर लिहिले होते, की मी नांदायला येईन. अर्जातील इंग्रजीत त्याचे ‘सहवास पुन्हा सुरू करण्याची हमी’ असे रूपांतर झाले होते.

मल्लेश्वरममधील ज्या वकीलबाईंकडे आम्ही गेलो त्या पन्नाशीच्या, कन्नडभाषक, मितभाषी. मुलीने आपली कहाणी चाळीस पानांत लिहून नेली होती. वकीलबाईंनी ती दोन दिवस ठेवून घेतली आणि परत दिली तेव्हा तिच्यातली जवळजवळ सगळी विशेषणे पेन्सिलीने खोडलेली होती. समासात मात्र प्रश्न होते : कोणत्या तारखेला? त्या वेळी खोलीत कोण होते? याचा कागद आहे का? मुलगी दुखावली. आयुष्यभर इतरांच्या विशेषणांवर अभिप्राय देत आलेला मी, मला ते संपादन पाहून आदर वाटला. दुःखाच्या निवेदनात विशेषण हे बहुधा सांगणाऱ्याला आधार देण्यासाठी येते. न्यायाधीशाला त्याचा उपयोग नसतो. त्याच पहिल्या भेटीत बाईंनी तिला आणखी एक गोष्ट सांगितली. १९८७ च्या विधी सेवा कायद्याप्रमाणे स्त्रीला, तिचे उत्पन्न कितीही असो, सरकारी खर्चाने वकील मिळू शकतो. तसे करायचे असल्यास माझी फी देऊ नकोस, असेही त्यांनी तिला बजावले. स्वतःच्या दुकानासमोर उभे राहून शेजारच्या दुकानाचा पत्ता देणारी माणसे मी फार पाहिलेली नाहीत.

मुलीचे संदेश मराठीत पण रोमन लिपीत होते. ते छापून, नव्या साक्ष अधिनियमानुसार लागणाऱ्या प्रमाणपत्रासह, इंग्रजी भाषांतर जोडून दाखल करायचे होते. पहिले भाषांतर कोणा व्यावसायिकाने करून दिले होते. ते तपासणे हे माझे काम. त्यात एका ठिकाणी वाक्य होते : ‘त्याने आज मला पुन्हा मारले.’ संपूर्ण प्रकरणातील शारीरिक छळाचा हा एकमेव लेखी पुरावा.

मूळ संदेश मी तीनदा वाचला. त्यात ‘मला’ हा शब्द नव्हता. तो भाषांतरकाराने भरून काढला होता. आधीच्या संदेशात टोमण्यांविषयी लिहिलेले होते. आणि मुलगी बोलीप्रमाणे लिहिणारी. जिथे आपण ‘केलं’, ‘झालं’ म्हणू तिथे तिने सर्वत्र शेवटी ‘ए’ हे रोमन अक्षर योजले होते. इथे मात्र ‘ई’ होते. म्हणजे हे ‘मारलं’ नव्हे. हे पुल्लिंगी अनेकवचनी ‘मारले’ आहे, आणि त्याचे कर्म आधीच्या वाक्यातले टोमणे आहेत. एका स्वराने एक मारहाण नाहीशी केली.

मी मुलीला विचारले. ती म्हणाली, “नाही हो काका, हात कधीच नाही उचलला त्याने. उचलला असता तर सांगायला सोपं गेलं असतं.”

तिचे वडील माझे जुने स्नेही. ते सुचवीत होते, की भाषांतर दुसऱ्याने केलेले आहे, खाली सही त्याची आहे, आपण कशाला हात लावा? बापाच्या जागी त्यांचे म्हणणे मला समजत होते. वकीलबाईंनी ते शांतपणे ऐकून घेतले आणि म्हणाल्या, “पुण्याचा वकील मराठी वाचतो. उलटतपासणीत हा एक शब्द सापडला, की उरलेली चाळीस पाने खोटी ठरतील.” मग थोडे थांबून, “आणि सापडला नाही, तरीही हे झालेले नाही.” ओळ बदलली गेली.

आता प्रश्न मानसिक क्रूरतेचा उरला, आणि तिथे आपल्या पुण्याचाच एक जुना निवाडा आडवा आला. दास्ताने विरुद्ध दास्ताने हा खटला १९६२ मध्ये पुण्यात दाखल झाला आणि १९७५ मध्ये सर्वोच्च न्यायालयात संपला. निकाल न्यायमूर्ती य. वि. चंद्रचूड यांचा. वैवाहिक प्रकरणात क्रूरता फौजदारी गुन्ह्याप्रमाणे निःसंशय सिद्ध करण्याची गरज नाही, संभाव्यतेचे पारडे पुरे, हा त्याचा एक भाग आजही वकिलांना तोंडपाठ असतो. दुसरा भाग मला अधिक अस्वस्थ करतो. तिथे अर्जदार पती होता. त्याच्याशी झालेले वर्तन क्रूरतेचे होते हे न्यायालयाने मान्य केले. पण त्यानंतरही तो पत्नीसह राहत होता, तेव्हा त्याने तिला क्षमा केली असे धरून त्याची मागणी फेटाळली. एकत्र राहणे म्हणजे क्षमा! माणसे एकत्र राहतात ती घरभाड्यासाठी, मुलांच्या शाळेसाठी, म्हाताऱ्या आईला कसे सांगावे हे न सुचल्यामुळे. या कारणांच्या यादीत क्षमा फार खाली येईल. ही मुलगी चार वर्षे राहिली होती, आणि प्रतिपक्ष हेच म्हणणार होता.

‘नांदायला येईन’ या शब्दांचे काय करावे, याचा निर्णय या पार्श्वभूमीवर घ्यायचा होता. वकीलबाईंनी विचारले, “याच्या आधीचे वाक्य काय आहे?” कोणत्याही चांगल्या वाचकाने प्रथम विचारावा तो हा प्रश्न. आधीचे वाक्य होते : ‘आई, आधी माझं एकदा ऐकून घ्या.’ अर्जात ते गाळले होते. मग मी त्यांना नांदणे म्हणजे काय ते इंग्रजीत समजावू लागलो आणि दोन मिनिटांत अडखळलो. त्या हसल्या. “म्हणजे बाळुवे,” त्या म्हणाल्या. कन्नडमधला संसार करून राहण्याचा शब्द. माहेराला त्यांच्याकडे तवरु आहे. दोन शेजारणी भाषा एकमेकींचे सगळे जाणत होत्या, आणि कागद मात्र तिसरीत जायचा होता.

या तिसऱ्या भाषेतली ती ‘पुनःस्थापना’ मुळात इंग्लंडच्या धर्मन्यायालयांतून आपल्याकडे आली. रखमाबाईंना तिचा फटका बसला तेव्हा, १८८५ मध्ये, मुंबईच्या न्यायमूर्ती पिन्ही यांनी नेमका शब्दावरच बोट ठेवले होते. अकराव्या वर्षी लग्न झालेली ही मुलगी पतीकडे कधी राहिलीच नाही. जे स्थापनच झाले नाही त्याची पुनःस्थापना कसली? अपिलात तो निकाल टिकला नाही. १८८७ मध्ये पतीकडे जा किंवा सहा महिने तुरुंगात जा, असा हुकूम झाला आणि रखमाबाईंनी तुरुंग पत्करण्याची तयारी दाखवली. पुढच्या वर्षी दोन हजार रुपयांवर तडजोड झाली; त्या विलायतेला जाऊन डॉक्टर झाल्या. तुरुंगाची तरतूद १९२३ मध्ये गेली. कलम उरले. १९८३ मध्ये आंध्र उच्च न्यायालयाने ते घटनाबाह्य ठरवले होते, पण पुढच्याच वर्षी सर्वोच्च न्यायालयाने, दुसऱ्या एका प्रकरणात, ते वैध मानले. हुकूमनाम्यानंतर वर्षभर सहवास झाला नाही तर त्याच आधारावर घटस्फोट मागता येतो. त्यामुळे नांदायला बोलावणारा हा कागद पुष्कळदा तोडण्याच्या वाटेवरची पहिली पायरी म्हणूनच वापरला जातो.

भाषांतरात मी शेवटी ‘नांदणे’ तसेच ठेवले आणि खाली चार ओळींची टीप दिली : विवाहित स्त्रीने सासरी राहून संसार करणे, आदराने व सुखाने राहण्याची अपेक्षा शब्दात अनुस्यूत.

त्या टिपेवर युक्तिवाद झालाच नाही. पुण्याचे प्रकरण इकडे आणायचे तर राज्य बदलत असल्याने सर्वोच्च न्यायालयात अर्ज करावा लागतो, तो केला. तो प्रलंबित असतानाच दोन्ही बाजू बेंगळुरूच्या न्याय देगुल इमारतीतील मध्यस्थी केंद्रात बसल्या. चार बैठकांत परस्परसंमतीचा मसुदा ठरला. नवरा वाईट माणूस वाटला नाही. तो आईकडे पाहून बोलत असे, एवढेच. सहा महिन्यांची प्रतीक्षा योग्य प्रकरणात माफ होऊ शकते असे सर्वोच्च न्यायालयाने २०१७ मध्ये सांगितले आहे. वकीलबाईंनी तसा अर्ज करू का म्हणून विचारले. मुलगी नको म्हणाली. तिला ते सहा महिने हवे होते. कशासाठी, हे तिने सांगितले नाही आणि बाईंनी विचारले नाही.

मसुद्याच्या परिशिष्टात परत द्यावयाच्या वस्तूंची यादी होती : दागिने, प्रमाणपत्रे, एक शिलाई यंत्र. सही करण्याआधी मुलगी म्हणाली, आजीचा पितळी पोहऱ्याचा डबा राहिला आहे, झाकण नसलेला. तिचे वडील संकोचले. एवढ्या मोठ्या माणसांपुढे झाकण नसलेला डबा! वकीलबाईंनी पेन उघडले, त्याची उंची विचारली, आणि चौदाव्या क्रमांकावर तो स्वतःच्या अक्षरात लिहून घेतला.