कपाळाची रेघ

भरतपूरच्या घना राष्ट्रीय उद्यानात छोटा पाणकावळा आणि भारतीय पाणकावळा एकाच बाभळीवर बसतात. एक जेमतेम 50 सेंटिमीटरचा, दुसरा साठीच्या थोडा पुढे. पण शेजारी शेजारी नसले की मापाचा उपयोग शून्य, आणि सूर्य मागे असला की दोघंही नुसते काळे. उरते ती टाळूपासून चोचीपर्यंतची रेघ. छोट्याचं कपाळ उभं, चोच आखूड. भारतीयाचं कपाळ उतरतं आणि त्यातूनच बारीक, लांब चोच निघते, टोकाला आकडी. ही रेघ मी एका दमात मारायचो. आता हात थरथरतो, तो नेमका त्याच वळणावर. मिलिमीटरभर फुगवटा आला की पक्ष्याची जातच बदलते.

भारतीयाचा निळा-हिरवा डोळा रंगवला की प्रश्न मिटतो, हे मला ठाऊक आहे. पण ती पळवाट झाली. पंख पसरून वाळवत बसलेला पाणकावळा तर कुणीही काढतो. त्यात कपाळाकडे बघतंय कोण?

कॅमेरेवाल्यांचं वेगळंच. सेकंदाला वीस फ्रेम मारायच्या आणि म्हणायचं, कोणता ते घरी जाऊन बघू. अरे, मग इथे आलात कशाला?

झोळीवाल्यांना, म्हणजे पेलिकन पक्ष्यांना, मात्र माझी थरथर चालते. डाल्मेशियन झोळीवाल्याच्या मानेवरची कुरळी, विस्कटलेली पिसं तर आता पूर्वीपेक्षा खरी उतरतात. परवा एकजण म्हणाला, हल्ली तुमचा हात मोकळा झालाय. मी खुशाल आभार मानले. खाली सहीसुद्धा जरा मोठीच केली.

माझ्याकडे शिकणारी मुलगी म्हणते, "काका, पाणकावळ्याखाली नाव लिहून टाका ना." नाव लिहावं लागलं तर चित्र कशाला काढायचं? घनातला एक सायकल रिक्षावाला माझा जुना परीक्षक. दुर्बीण न लावता पक्षी ओळखतो, आणि माझी वही बघून लगेच "छोटा" किंवा "इंडियन" म्हणायचा. या खेपेला त्यानं पान तिरकं धरलं, पुन्हा सरळ केलं आणि विचारलं, "साहब, यह कौन-सा है?"

नाव मी अजूनही लिहीत नाही. त्याच्यासमोर वही उघडायची झाली, तर झोळीवाल्यांचीच पानं उघडतो.